वाइल-फेलिक्स टेस्ट 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे नेमकं काय समजायचं?

निळी_शाई
बाबांना आठवड्याच्या वर ताप होता. मलेरिया, डेंगी दोन्ही निगेटिव्ह. डोकं जबरदस्त दुखत होतं, प्लेटलेट्स उतरलेल्या, लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली. डॉक्टरांनी स्क्रब टायफसचा संशय धरून रक्ताचे नमुने पाठवले आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन चालू केलं. दोन दिवसांत ताप उतरला, आता बाबा बरे आहेत, त्यामुळे काळजी नको.

रिपोर्ट नंतर हातात आला. वाइल-फेलिक्स टेस्ट : ओएक्स-१९ १:४०, ओएक्स-२ १:२० पेक्षा कमी, ओएक्स-के १:१६०. खाली बारीक अक्षरात 'प्रोटियस अँटिजेन' असं लिहिलंय. माझे प्रश्न असे :
१. आजार माइटच्या (डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक किड्याच्या) चाव्याने होतो आणि टेस्ट प्रोटियस नावाच्या भलत्याच जंतूची. हे कसं काय?
२. १:१६० म्हणजे स्क्रब टायफस नक्की झाला होता का?
३. परत टेस्ट करायची का? चुलतभाऊ म्हणतो ही टेस्ट कालबाह्य आहे, या रिपोर्टला काही अर्थ नाही.

इथे लॅबवाले आणि डॉक्टर बरेच आहेत, म्हणून विचारतेय.

ट्यूब_रॅक
पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, ही टेस्ट वर्षानुवर्षं हाताने लावलीय.

रिकेट्सिया म्हणजे टायफस गटाच्या तापांचा जंतू. तो जिवंत पेशीच्या बाहेर वाढत नाही. आपल्या नेहमीच्या आगर प्लेटवर तो उगवतच नाही. त्याला वाढवायला पेशींचं कल्चर लागतं, पूर्वी कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत वाढवायचे, त्याही आधी गिनीपिगमध्ये. शिवाय लॅबमधल्या माणसाला लागण होण्याचा धोका मोठा. प्रोटियस मात्र साध्या माध्यमावर रात्रीत भरभरून वाढतो. योगायोग असा की प्रोटियसच्या काही ठरावीक जातींच्या कवचावरची साखरेची साखळी, म्हणजे ओ-अँटिजेन, रिकेट्सियाच्या कवचाशी इतकी मिळतीजुळती आहे की रिकेट्सियाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी प्रोटियसलाही चिकटते. म्हणून बाटलीत मारलेला प्रोटियस भरून देतात. एका अँटिबॉडीने दोन-दोन जंतू धरले की त्यांचे पुंजके होतात आणि ते डोळ्यांना दिसतात. सगळी टेस्ट एवढ्यावर उभी आहे.

या जातींना शेपट्या नसतात. नेहमीचा प्रोटियस शेपट्यांच्या जोरावर प्लेटभर पसरतो, त्या शेपटीचं अँटिजेन मध्ये आलं तर निकाल गढूळ होईल. म्हणून मुद्दाम न हलणाऱ्या जाती वापरतात.

पानगळ
वाचतेय. छान धागा.

इतिहासवेडा
यामागची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९१६. पहिलं महायुद्ध, पूर्व आघाडी, सैन्यात उवांमुळे पसरणाऱ्या टायफसने माणसं पटापट मरत होती. ऑस्ट्रियाच्या बाजूने काम करणाऱ्या एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स या दोघांना टायफसच्या रुग्णाच्या लघवीत प्रोटियसची एक जात सापडली. त्या रुग्णांचं सीरम (रक्तातून गाठ आणि पेशी काढल्यावर उरणारं पाणी, ज्यात अँटिबॉडी असतात) घातलं की या जंतूंचे पुंजके व्हायचे, आणि पुढे कळलं की ज्यांच्या लघवीत प्रोटियस अजिबात नाही अशा टायफस रुग्णांच्या सीरमनेही होतात. हा जंतू रोगाचं कारण नाही आणि तरी रोग ओळखायला उपयोगी पडतो, असा विचित्र निष्कर्ष निघाला. ओएक्स-१९ आणि ओएक्स-२ ही नावं त्यांनी वेगळ्या केलेल्या जातींची आहेत.

त्याच वर्षी रोशा लिमा यांनी टायफसच्या खऱ्या जंतूला रिकेट्सिया प्रोवाझेकी हे नाव दिलं. हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसवर काम करताना टायफसनेच गेले, प्रोवाझेक १९१५ मध्ये तसेच गेले. आणि वाइलही १९२२ मध्ये लॅबमध्येच लागण होऊन टायफसने गेले. बाबांच्या रिपोर्टवरच्या एका ओळीमागे एवढी माणसं आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

चिकित्सक
इतिहासाबद्दल आदर आहे, पण माझं मत स्पष्ट आहे : ही टेस्ट निवृत्त करायला हवी.

माझ्या दादाच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. ताप आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी वाइल-फेलिक्स केली, निगेटिव्ह आली. तिथल्या डॉक्टरांनी 'रिकेट्सिया नाही' म्हणून आधी चालू केलेलं डॉक्सीसायक्लिन बंद केलं. दोन दिवसांनी त्याला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला आणि आयसीयूमध्ये न्यावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी आयजीएम एलायझा (अँटिबॉडी शोधणारी दुसरी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली, औषध परत सुरू झालं, तो वाचला. पण त्या निगेटिव्ह रिपोर्टने आमचे जे दिवस घालवले ते विसरता येत नाहीत. खऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुग्ण जी टेस्ट सोडून देते, ती कुणाच्या हातात का द्यायची?

डॉ_संथवारा
चिकित्सक, तुमच्या दादांवर जे गुदरलं ते वाचून वाईट वाटलं. तुमचा राग बरोबर आहे, पण तो कुठे ठेवायचा यावर मतभेद आहे.

ही टेस्ट मुख्यतः आयजीएम अँटिबॉडी (लागण झाल्यावर आधी तयार होणाऱ्या) पकडते आणि त्या ताप सुरू झाल्यावर साधारण ५ ते १० दिवसांनी पुरेशा प्रमाणात दिसतात. चौथ्या दिवशीच्या निगेटिव्हला वजन द्यायचंच नसतं. एलायझा त्याच दिवशी केली असती तरी तीही निगेटिव्ह येण्याची शक्यता होती. निगेटिव्ह रिपोर्टवर डॉक्सीसायक्लिन बंद करणं ही उपचारातली चूक आहे. रिकेट्सियाच्या संशयावर औषध सुरू करायचं, रिपोर्टसाठी थांबायचं नाही, आणि लवकर घेतलेल्या निगेटिव्हवर थांबवायचं नाही. हा नियम वाइल-फेलिक्सला लागू आहे तसाच एलायझालाही लागू आहे.

निळी_शाईताई, तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. डॉक्सीसायक्लिनवर ४८ तासांत ताप उतरणं हासुद्धा निदानाला हातभार लावणारा पुरावा आहे.

चिकित्सक
डॉक्टर, पटलं, पण अर्धंच. रिपोर्टवर ठळक अक्षरात 'निगेटिव्ह' छापलेलं असलं की वाचणारा तसाच वाचणार. जी टेस्ट बहुतेकांकडून चुकीचीच वाचली जाते, तो तिचाही दोष आहे.

गणितवाला
इथे थोडं गणित करू या. आकडे मी गृहीत धरतोय, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

समजा टेस्ट १०० खऱ्या रुग्णांपैकी ५० पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९६ जणांना बरोबर निगेटिव्ह म्हणते. आता तापाचे १००० रुग्ण घ्या, त्यात स्क्रब टायफसचे ५०. खरे पॉझिटिव्ह २५, उरलेल्या ९५० मधून खोटे पॉझिटिव्ह ३८. म्हणजे ६३ पॉझिटिव्हपैकी खरे फक्त २५, चाळीस टक्के.

आता तोच आजार जोरात असलेल्या हंगामात १००० पैकी ३०० जणांना आहे असं धरा. खरे पॉझिटिव्ह १५०, खोटे २८. चौऱ्याऐंशी टक्के खरे. टेस्ट तीच, बाटली तीच, रिपोर्टही तोच. डॉक्टरांना आधी किती संशय होता यावर त्या १:१६० चा अर्थ ठरतो.

उलट बाजूही बघा. दुसऱ्या उदाहरणात १५० खरे रुग्ण निगेटिव्ह म्हणून सुटले. त्यामुळे चिकित्सक यांची तक्रार रास्तच आहे.

मधुमालती
खोट्या पॉझिटिव्हचा अनुभव आमच्याकडे आहे. आईला सारखा थंडी वाजून ताप यायचा. वाइल-फेलिक्समध्ये ओएक्स-के वाढलेलं आलं. आम्ही सगळे स्क्रब टायफस धरून बसलो होतो. एका डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला लावलं आणि त्यात चक्क प्रोटियस वाढला! मूत्रमार्गातला संसर्ग होता, अँटिबॉडी खऱ्याखुऱ्या प्रोटियसविरुद्ध होत्या.

ट्यूब_रॅक
मधुमालतीताई, अगदी नेमकं उदाहरण. प्रोटियसचा संसर्ग हे खोट्या पॉझिटिव्हचं पहिलं कारण. त्याशिवाय लेप्टोस्पायरोसिस, बोरेलियाचा पुन्हा पुन्हा उलटणारा ताप, ब्रुसेलोसिस, लिव्हरचे गंभीर आजार यांतही टायटर (सीरम किती पातळ केलं तरी पुंजके दिसतात तो आकडा, जसं १:१६०) वर जातो. निरोगी लोकांतही थोड्या अँटिबॉडी असतातच, कारण प्रोटियस आपल्या आतड्यात राहणारा जंतू आहे. म्हणून प्रत्येक भागाने आपल्याकडच्या निरोगी लोकांची सीरम तपासून आपली मर्यादा ठरवायची असते. कुठे १:८० धरतात, कुठे १:१६०, कुठे १:३२०. दुसऱ्याची मर्यादा उचलून आपल्याकडे लावली की घोळ होतो.

रानभूल
मी नर्स आहे. टेस्टच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडू नये म्हणून लिहिते : एस्कार शोधा.

माइटची अळी जिथे चावते तिथे पुष्कळ रुग्णांना काळी खपली पडते. सिगारेटचा चटका बसल्यासारखी, आकाराने सेंटिमीटरभर, भोवती लाल कडं. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला पत्ताच नसतो आणि तो सांगत नाही. ही खपली हातापायावर उघडी क्वचित असते. बगलेत, जांघेत, स्तनांच्या खाली, कमरेला जिथे कपडा घट्ट बसतो तिथे, कानामागे, केसांत. घाम असलेल्या जागी तर ती काळीही नसते, पिवळट ओली जखम असते आणि नजर सहज घसरते. आडोसा करून, चांगल्या उजेडात, कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत बघावं लागतं. एस्कार सापडला आणि ताप असला की बहुतेक डॉक्टर टायटर बघतही नाहीत. शिवाय जवळच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या लागतात, म्हणजे बगलेत गाठ लागली तर त्या बाजूचा हात, छाती, पाठ नीट बघायची.

आणि खपली उचलून तिचा पीसीआर करता येतो. अँटिबॉडी यायच्या आधी निदान हवं असेल तर तो चांगला मार्ग.

पानगळ
रानभूल, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता घरातल्या सगळ्यांच्या कानामागे बघून आले. सगळे स्वच्छ निघाले, फक्त धाकट्याने सकाळी अंघोळ केली नव्हती ते उघडकीला आलं :)

एक खरा प्रश्न : अॅग्लुटिनेशनची, म्हणजे पुंजके बघण्याची, हीच एक टेस्ट आहे का? लेटेक्सवालीही असते असं ऐकलंय.

ट्यूब_रॅक
असते. गट दोन आहेत, एवढं लक्षात ठेवायचं.

वाइल-फेलिक्समध्ये अँटिजेन उसनं आहे. दुसऱ्या गटात अँटिजेन खुद्द रिकेट्सियाचं असतं. लेटेक्स अॅग्लुटिनेशनमध्ये रिकेट्सियाच्या कवचातला अर्क प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म मण्यांवर चढवतात. सीरम घातलं की मण्यांचे पुंजके होतात, काही मिनिटांत निकाल. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरसाठी ही पद्धत बरीच वापरली गेली. अप्रत्यक्ष हीमअॅग्लुटिनेशनमध्ये तोच अर्क तांबड्या पेशींवर चढवतात. मायक्रोअॅग्लुटिनेशनमध्ये अख्खे शुद्ध केलेले रिकेट्सियाच वापरतात. तिघीही वाइल-फेलिक्सपेक्षा नेमक्या. अडचण एकच, अँटिजेन तयार करायला रिकेट्सिया वाढवावा लागतो, आणि ते काम मोजक्याच प्रयोगशाळांना जमतं. मायक्रोअॅग्लुटिनेशनला तर इतकं अँटिजेन लागतं की ती फारशी कुठे लावलीच जात नाही.

लेटेक्सचा एक फायदा असा की तिचा टायटर आजारानंतर लवकर खाली येतो, त्यामुळे पॉझिटिव्ह असेल तर लागण अलीकडचीच धरता येते.

डॉ_संथवारा
निळी_शाईताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तीन अँटिजेन का लावतात ते कळलं की रिपोर्ट आपोआप वाचता येतो.

उवांचा साथीचा टायफस आणि पिसवांचा टायफस या दोन्हींत ओएक्स-१९ जोरात वर जातं, ओएक्स-२ थोडंसं, ओएक्स-के नाही. गोचिडीच्या स्पॉटेड फीव्हर गटात ओएक्स-१९ आणि ओएक्स-२ दोन्ही कमी-जास्त प्रमाणात वाढतात. स्क्रब टायफसमध्ये फक्त ओएक्स-के. बाबांच्या रिपोर्टमध्ये ओएक्स-के एकटंच उठून दिसतंय, ओएक्स-१९ चं १:४० हे पार्श्वभूमीतलं. म्हणजे साचा स्क्रब टायफसशी जुळतो. चित्रही जुळतं, औषधाचा गुणही जुळतो. तिन्ही मिळून मी 'स्क्रब टायफस असण्याची शक्यता दाट' म्हणेन. नुसत्या १:१६० वर म्हणणार नाही.

क्यू फीव्हर, रिकेट्सियल पॉक्स, ट्रेंच फीव्हर यांत वाइल-फेलिक्स निगेटिव्ह असते. आणि जुना टायफस शरीरात दबून राहून वर्षांनी उलटतो, त्या ब्रिल-झिन्सर आजारातही बहुधा निगेटिव्हच येते, कारण तिथे आयजीजी (जुन्या लागणीची आठवण ठेवणारी अँटिबॉडी) झपाट्याने वर येतं, आयजीएम नाही.

इतिहासवेडा
ओएक्स-के कुठून आलं त्याची गोष्ट राहिली!

१९२० च्या दशकात मलायात दोन प्रकारचे टायफससारखे ताप दिसत होते, एक शहरात आणि एक गवताळ, झुडपी भागात काम करणाऱ्यांत. किंग्जबरी नावाच्या डॉक्टरांनी प्रोटियसची एक जात लंडनहून क्वालालंपूरला आणली होती. फ्लेचर आणि लेसलर यांनी ती वापरून पाहिली तर शहरी तापाचं सीरम तिच्याशी पुंजके करेना, झुडपी भागातल्या तापाचं मात्र करी. जुन्या ओएक्स-१९ शी बरोबर उलट. एका आणलेल्या जंतूमुळे दोन आजार वेगळे ओळखता आले. किंग्जबरीचा के. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात आणि पॅसिफिकच्या बेटांवर स्क्रब टायफसने सैनिकांना घेरलं, तेव्हा ओएक्स-के हाच मोठा आधार होता. आणि १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल स्क्रब टायफसवर गुण देतं हे सिद्ध झालं तेही क्वालालंपूरमध्येच, स्मॅडेल यांच्या चमूकडून.

आणखी एक प्रसंग. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये युजेनिउश वाझोव्स्की आणि स्तानिस्वाव माटुलेविच हे दोन डॉक्टर होते. माटुलेविचच्या लक्षात आलं की मेलेला ओएक्स-१९ निरोगी माणसाला टोचला तर त्याची वाइल-फेलिक्स पॉझिटिव्ह येते. सक्तमजुरीवरून रजेवर आलेल्या एका माणसाला त्यांनी तशी सुई दिली आणि रक्त जर्मन लॅबला पाठवलं. टायफस म्हणून रिपोर्ट आला, त्याची सुटका झाली. मग रोझवादुफच्या आसपास ठरवून अशी 'साथ' उभी केली. जर्मनांना टायफसची धास्ती होती, त्यांनी तो भाग साथग्रस्त म्हणून बाजूला ठेवला. ज्यूंना मात्र ही सुई देता येत नव्हती, कारण टायफस झालेल्या ज्यूला जर्मन ठारच मारत.

चिकित्सक
हा प्रसंग मला माहीत होता आणि दर वेळी वाचला की त्या डॉक्टरांपुढे हात जोडावेसे वाटतात. पण माझाच मुद्दा यातून सिद्ध होतो. सुसज्ज लॅब, प्रशिक्षित माणसं, आणि एकाही रुग्णाला टायफस नसताना पॉझिटिव्हवर पॉझिटिव्ह! ती टेस्ट अजूनही तशीच आहे.

ट्यूब_रॅक
चिकित्सक, ते मान्य. लॅबने तिथे काही चूक केली नव्हती, पुंजके खरेच होते.

तरी टेस्ट पुष्कळदा लॅबमध्येच बिघडते, त्याबद्दल लिहितो. बऱ्याच ठिकाणी फक्त स्लाइड टेस्ट करतात. काचेवर सीरमचा थेंब, अँटिजेनचा थेंब, मिनिटभर हलवायचं आणि बघायचं. मिनिट उलटून गेलं की कडा सुकतात आणि तिथे दाणे दिसायला लागतात. नवखा माणूस ते पॉझिटिव्ह लिहून मोकळा होतो. स्लाइड चाळणी म्हणून ठीक, टायटर ट्यूबमध्येच काढायचा.

ट्यूबमध्ये सीरम दर पायरीला दुप्पट पातळ करत न्यायचं, १:२०, १:४०, १:८० असं. प्रत्येकीत अँटिजेन घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी ट्यूब काढताना धक्का लावायचा नाही. काळ्या कागदासमोर, बाजूने दिवा धरून तळ बघायचा. निगेटिव्हमध्ये तळाशी गोल, घट्ट, कातीव कडेचं बटण असतं. बोटाने हलकी टिचकी मारली की ते सुटतं आणि सगळा द्रव एकसारखा गढूळ होतो. पॉझिटिव्हमध्ये तळभर खडबडीत थर पसरलेला, वरचा द्रव नितळ, आणि टिचकी मारली की बारीक दाणे वर तरंगतात, काही केल्या विरघळत नाहीत. सगळ्यात शेवटी ज्या ट्यूबमध्ये हे दाणे स्पष्ट दिसतात तो टायटर. सलाईनच्या कंट्रोल ट्यूबमध्ये (जिच्यात सीरम घातलेलंच नसतं) दाणे दिसले तर अख्खा रॅक फेकून द्यायचा, कारण अँटिजेन स्वतःहूनच पुंजके करतंय. आणि कधी अँटिबॉडी इतक्या जास्त असतात की पहिल्या ट्यूब निगेटिव्ह दिसतात आणि पुढच्या पॉझिटिव्ह. म्हणून पहिल्या दोन ट्यूब बघून थांबायचं नाही.

हे सगळं नीट केलं तर ही टेस्ट खोटं बोलत नाही. तिचं ज्ञान तोकडं आहे, ते वेगळं.

गणितवाला
ट्यूब_रॅक यांचा हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

सूक्ष्मकण
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. साखरेच्या साखळीचं जे साधर्म्य वर सांगितलंय ते रिकेट्सियासाठी बरोबर आहे. स्क्रब टायफसचा जंतू मात्र १९९५ पासून रिकेट्सियात गणला जात नाही, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी म्हणून त्याची प्रजाती वेगळी काढली. त्याच्या कवचात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे ती साखरेची साखळी ज्याचा भाग असते ते, नसतंच. तरी ओएक्स-के चे पुंजके होतात. म्हणजे ओएक्स-१९ चं स्पष्टीकरण इथे जसंच्या तसं लागू पडत नाही. मला हा या टेस्टचा सगळ्यात कुतूहलाचा भाग वाटतो.

मीनल_ज
लहान मुलांना डॉक्सीसायक्लिन देत नाहीत ना? दातांवर डाग पडतात म्हणून. मग मुलांत टेस्टची वाट बघायची का?

डॉ_संथवारा
मीनलताई, नाही, मुलांतही वाट बघायची नाही. डागांची भीती जुन्या टेट्रासायक्लिनमुळे बसली. डॉक्सीसायक्लिनच्या छोट्या कोर्सने दातांवर डाग पडल्याचं दिसलेलं नाही, आणि रिकेट्सियाचा संशय असेल तर सगळ्या वयोगटांत तेच पहिलं औषध मानलं जातं. गरोदरपणात स्क्रब टायफससाठी बहुधा अझिथ्रोमायसिन देतात. अर्थात डोस आणि निर्णय समोर रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरांचा. उपचार न झालेल्या स्क्रब टायफसमध्ये सरासरी शंभरात साधारण सहा जण दगावतात, काही ठिकाणी याहून खूपच जास्त. स्पॉटेड फीव्हर गटातले काही आजार तर याहून घातक. इतकं सोपं औषध हाताशी असताना ट्यूबमधल्या बटणाकडे बघत बसणं मला परवडत नाही.

चिकित्सक
डॉक्टर, मग शेवटी वाइल-फेलिक्स लावायची कुठे? मला सरळ उत्तर द्या.

डॉ_संथवारा
सरळ उत्तर : जिथे एलायझा किंवा पीसीआर मिळतं तिथे वाइल-फेलिक्सची गरज नाही. जिथे काहीच मिळत नाही तिथे एखाद्या भागात अचानक ओएक्स-के चे पॉझिटिव्ह वाढायला लागले, तर 'इथे स्क्रब टायफस फिरतोय' हे कळायला ती पुरते. मग पुढचे नमुने चांगल्या लॅबला पाठवता येतात. एकेका रुग्णाच्या निदानासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

आणि एलायझाही निर्दोष नाही. आयजीएम बरे झाल्यावरही महिनोन्महिने टिकू शकतं, त्यामुळे जिथे आजार नेहमीचा आहे तिथे आजचा ताप वेगळाच असूनही एलायझा पॉझिटिव्ह येते. मानदंड मानली जाणारी इम्युनोफ्लुओरेसन्स चाचणीसुद्धा वाचणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून आहे आणि तिच्यातही खरी खात्री दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसल्यावरच.

चिकित्सक
हे मान्य. 'जिथे दुसरं काही नाही तिथे, आणि साथीचा सुगावा लागण्यापुरती.' एवढं रिपोर्टच्या तळाशी छापलं तरी माझी तक्रार राहणार नाही.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी कळवते.

रानभूलताईंचं वाचून बाबांना नीट तपासलं. कमरेला मागच्या बाजूला, पट्टा बसतो तिथे, खपली पडून गेलेला गुलाबी गोल डाग सापडला. बाबा म्हणाले 'तिथे काही दुखलंच नाही कधी.' डॉक्टरांना दाखवला, ते म्हणाले एस्कारच असणार.

आणि दुसरा नमुना दिला होता, वेगळ्या लॅबमध्ये, त्याचा ओएक्स-के १:३२० आला. १६० चे ३२० झाले, म्हणजे वाढ झाली ना? निदान पक्कं समजू का?

गणितवाला
दुप्पट झाली, चौपट नाही. दुप्पट म्हणजे फक्त एका ट्यूबचा फरक.

डॉ_संथवारा
बरोबर. तो डाग माझ्या दृष्टीने टायटरपेक्षा कितीतरी बोलका आहे. बाबांच्या बाबतीत मी स्क्रब टायफस धरून चालेन आणि आणखी टेस्ट करायला सांगणार नाही. लवकर औषध सुरू झालं की अँटिबॉडीची वाढ रोडावू शकते, त्यामुळे चौपट वाढ न दिसणं हे निदानाच्या विरोधातही जात नाही.

रानभूल
निळी_शाई, डाग सापडला हे वाचून फार बरं वाटलं. बाबांना सांगा, कोर्स पूर्ण करायचा, ताप गेला म्हणून मध्येच सोडायचा नाही.

ट्यूब_रॅक
दुसऱ्या नमुन्याबद्दल एक, पुढे कुणाला लागलं तर. एका ट्यूबचा फरक त्याच लॅबमध्ये, त्याच सीरममध्ये, फक्त दिवस बदलला तरी पडतो. दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळ्या कंपन्यांचं अँटिजेन, वाचणारी दोन वेगळी माणसं असली की १६० आणि ३२० ची तुलनाच होत नाही. पहिला नमुना घेतानाच लॅबला सांगायचं की उरलेलं सीरम गोठवून ठेवा. दहा-चौदा दिवसांनी दुसरा नमुना त्याच लॅबला द्यायचा आणि दोन्ही सीरम एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या अँटिजेनने, एकाच रॅकमध्ये शेजारी शेजारी लावायला सांगायचं. तरच चौपट वाढ हा शब्द वापरता येतो. बहुतेक लॅब सीरम काही दिवसांनी टाकून देतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी, शक्य तर चिठ्ठीवर लिहून द्या.